टेलीचं (टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटारचं) किट घरी बांधताय? आधी तारा चढवा, रंगाचा डबा नंतर उघडा

माझ्याकडे लोक अडकलेली किटं घेऊन येतात, त्यातल्या बहुतेकांची अवस्था एकच असते. रंग झकास, आरशासारखी चकाकी, आणि बारीक ई तार (सगळ्यात पातळ) फ्रेटबोर्डच्या, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीच्या, काठावरून घसरतेय. किंवा बाराव्या फ्रेटच्या (त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे एक सूर जागेवर नाही. किंवा नेकच्या (गिटारच्या मानेच्या) खाचेत रंगाचा एवढा जाड थर की नेक आत बसतच नाही. हात वाईट नसतो कुणाचाच, क्रम चुकलेला असतो. खोका उघडला की कोरी बॉडी समोर दिसते आणि हात रंगाकडे जातो, पण रंग हे मधलं काम आहे. आधी अख्खी गिटार कच्च्या लाकडावर बांधायची, दोन तारा चढवून बघायच्या, सगळं बरोबर आहे म्हटल्यावर खोलायची आणि मग रंगवायची. दुप्पट मेहनत वाटते खरी, पण कच्च्या लाकडावर चुकलेलं भोक बुजवायला एक संध्याकाळ लागते आणि पॉलिशवर चुकलं तर महिना जातो.

खालचं सगळं टेलिकास्टर पद्धतीच्या किटसाठी आहे, म्हणजे चार स्क्रूंनी बसणारी नेक, न हलणारा ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचा आवाज टिपणारी चुंबकं), एक व्हॉल्यूम, एक टोन. पहिल्यांदाच करत असाल तर हेच घ्या, ट्रेमोलोवालं (हलत्या ब्रिजचं) नको. बेस गिटारला काय वेगळं ते शेवटी सांगतो.

सामान आधी जमवा

एक मीटरची स्टीलची पट्टी लागेल. साठ सेंटिमीटरची कमी पडते कारण टेलीचा स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६४८ मिमी आहे, आणि गुंडाळीची टेप वापरू नका, तिचं टोकाचं हुक हलतं, मिलिमीटरभर फरक तिथेच पडतो. गुण्या, दोन जी-क्लॅम्प, मास्किंग टेप, काळा शिलाईचा दोरा, मेणबत्तीचा तुकडा. ड्रिलचे १.५, २.५, ३ आणि ४.५ मिमीचे बिट. फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, गिटारचा म्हणून वेगळा घ्यायची गरज नाही. सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॅटचा, रोझिन कोअर सोल्डर, आणि साधा मल्टिमीटर.

सुताराकडून काही करून घेणार असाल तर त्याच्या भाषेत माप सांगा, कारण ही गिटार मुळात इंचातच आखलेली आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बॉडीची जाडी १४ सूत, नेकच्या खाचेची खोली ५ सूत, नेकच्या टाचेची (बॉडीत बसणाऱ्या टोकाची) जाडी ८ सूत, म्हणजे नेक बसल्यावर फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर ३ सूत दिसला पाहिजे. मी एकदा १५.९ मिमी लिहिलेला कागद दिला तर आमचे सुतारकाका बराच वेळ बघत बसले, ५ सूत म्हटल्यावर पटाशी लावून दहा मिनिटांत अचूक काढून दिलं.

१. खोका उघडल्यावर काहीही न जोडता

किट घरात आलं की नेक आणि बॉडी आठ-दहा दिवस नुसती ठेवून द्या, उन्हात नाही, एसीच्या झोतात नाही. लाकूड बाहेरगावच्या हवेतून आलेलं असतं, ते आपल्या हवेला सरावलं पाहिजे. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तर हे टाळूच नका.

मग बघायच्या गोष्टी. नेक डोळ्यासमोर धरून टाचेकडून नटकडे (दुसऱ्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) एका डोळ्याने पहा, पीळ दिसला तर परत करा, पीळ ट्रस रॉडने जात नाही. ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचं) टोक अर्धा आटा फिरवून पहा, फिरतंय ना एवढंच. बॉडीतून तारा जाणारी सहा भोकं आधीच पाडलेली आहेत का ते बघा, कारण असली तर ब्रिजची जागा कारखान्यातच ठरलेली आहे आणि तुमच्या हातात फक्त नेक उरते.

ताळा: नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत ३२४ मिमी आलं पाहिजे. ३१४ च्या आसपास आलं तर ती २४.७५ इंची नेक आहे आणि या बॉडीला चालणार नाही, पुढे जाऊच नका.

२. नेक

नेकच्या खाचेत आत काही अडत असेल, वाळलेला गोंद, सीलरचा ओघळ, तर पटाशीने हलकं साफ करा. खाच पॉलिश पेपरने घासत बसू नका, ती मोठी होते आणि मग नेक डुगडुगते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बॉडीतली चार भोकं स्क्रूसाठी सैल हवीत, ४.५ मिमी, स्क्रू त्यातून नुसता घसरून गेला पाहिजे. आटे फक्त नेकमध्ये धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर दोन लाकडं एकमेकांकडे ओढलीच जात नाहीत, तुम्ही कितीही पिळा, मधे फट राहते आणि लोक तिथे पत्त्याचे तुकडे सारत बसतात.

नेक खाचेत बसवून क्लॅम्प करा, मधे कापड ठेवा. मागून भोकातून टोकदार खिळ्याने नेकवर खुणा करा. नेक काढा आणि ३ मिमी बिटने भोकं पाडा, मेपल कडक असतं म्हणून यापेक्षा बारीक नको. खोलीचा हिशोब असा: स्क्रू साधारण ४५ मिमीचा, त्यातले ३०-३१ नेकच्या मागच्या प्लेटमध्ये आणि बॉडीत जातात, नेकमध्ये उरले १४. बिटवर १५ मिमीला टेपचं निशाण गुंडाळा. नेक तिथे २५ मिमी जाड आहे आणि त्यातला वरचा थर फ्रेटबोर्ड आहे, हात घसरला तर बिट थेट फ्रेटमधून वर येतो.

स्क्रूला मेण लावा. कोरडा स्क्रू मेपलमध्ये पिळला की डोकं तुटतं, आणि तुटलेला स्क्रू काढणं हे या अख्ख्या कामातलं सगळ्यात त्रासदायक काम आहे.

ताळा: घट्ट केल्यावर नेकच्या टाचेखाली साधा वहीचा कागद सरकवून पहा. शिरला तर बसली नाही, पुन्हा खोला.

३. मध्यरेषा आणि ब्रिज

इथे घाई करू नका, बाकी सगळं सहज सुधारता येतं, हे नाही.

मध्यरेषा नेकवरून काढायची, बॉडीवरून नाही. किटची बॉडी दोन-तीन फळ्या चिकटवून केलेली असते आणि तो जोड बरोब्बर मध्यावर असेलच असं नाही. माझ्या दुसऱ्या गिटारला मी त्या जोडालाच मध्य समजलो, ब्रिज २ मिमी बाजूला गेला, आणि ते कळलं कधी तर लॅकर मारून, पॉलिश करून, सहाही तारा चढवल्यावर. चार भोकं बुजवली, पुन्हा पाडली, वरचं लॅकर दुरुस्त करण्यात अख्खा श्रावण गेला.

तर असं करा. ब्रिजच्या जागेवर बॉडीला मास्किंग टेप चिकटवा. नटवर दोन्ही ई तारांच्या खाचांचा मध्य काढा, शेवटच्या फ्रेटचा मध्य काढा, दोन्हीवरून काळा दोरा ताणून बॉडीच्या बुडापर्यंत न्या आणि टेपवर दोऱ्याखाली दोन ठिपके द्या. ही तुमची मध्यरेषा. गुण्याने तिला काटकोनात ब्रिजची आडवी रेषा मारा.

आता अंतर. बारीक ई चं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो मागेपुढे सरकणारा तुकडा) नेकच्या बाजूला पुढे आणा, पण अगदी टोकाला नाही, २-३ मिमी जागा राखून. त्या सॅडलचा माथा नटपासून ६४८ मिमीवर येईल अशी ब्रिजची प्लेट ठेवा. कारण नंतर सूर जुळवताना सॅडल जवळजवळ नेहमी मागेच जातं, बारीक ई चं थोडंसं, जाड ई चं ३-४ मिमी. लोक सॅडल मधोमध ठेवून ६४८ मोजतात आणि मग जाड ई ला मागे जायला जागाच उरत नाही, स्प्रिंग पूर्ण दाबली जाते.

प्लेट टेपने पक्की करा, भोकं अजून नको. दोन दोरे घ्या, एक जाड ई च्या खाचेतून त्याच्या सॅडलवर, दुसरा बारीक ई चा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांपासून फ्रेटबोर्डच्या काठापर्यंतचं अंतर सारखं हवं, साधारण ३ मिमी. फरक असेल तर आधी नेकचे स्क्रू अर्धा आटा सैल करून नेक किंचित बाजूला ढकलून बघा, सैल भोकांचा दुसरा फायदा हाच. नाही जमलं तर ब्रिज हलवा. पण प्लेटला पिकअपची खिडकी असते आणि ती बॉडीतल्या खड्ड्यावर यावी लागते, म्हणून हलवायला फार तर एक-दोन मिमी मिळतात.

ताळा: ६४८ दोनदा मोजा, मधे चहा घेऊन या आणि तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही वेळा तेच आलं तरच ड्रिल हातात.

बिट कुठला? स्क्रू आणि बिट एकावर एक डोळ्यासमोर धरा. बिटच्या मागून स्क्रूचे फक्त आटे दिसले पाहिजेत, गाभा झाकला गेला पाहिजे. ब्रिजच्या स्क्रूला बहुधा २.५ मिमी चालतो, ट्यूनरच्या (तारा ताणायच्या खुंट्यांच्या) बारक्या स्क्रूंना १.५.

४. कच्ची जोडणी

ट्यूनर बसवा, दोन्ही ई तारा चढवा, सुरात आणा, अर्धा तास तशीच ठेवा. पिकअप, वायरिंग काही नको. बघायचं एवढंच की दोन्ही तारा काठापासून सारख्या आहेत, सॅडलची उंची मधल्या टप्प्यात आहे, आणि बाराव्या फ्रेटचा सूर उघड्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात आणायला सॅडलला जागा आहे.

सॅडल पार खाली बसवूनही तारा उंच राहत असतील तर नेकला किंचित मागे झुकवायला हवं. त्यासाठी खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ व्हीनियरची पट्टी, आणि शक्य असेल तर अख्ख्या खाचेइतकी, एका बाजूला निमुळती घासलेली पाचर. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा तात्पुरता ठीक, कायमचा नको.

किटच्या बॉडी बऱ्याचदा बासवूडच्या असतात, लाकूड मऊ, स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की भोक सैल होतं. म्हणून या टप्प्यावर प्रत्येक भोकात पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मग आटे टणक होतात. ओल्या ग्लूत स्क्रू घालू नका.

५. आता खोला आणि रंगवा

सगळे स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत, वर नाव लिहून. नेकच्या खाचेला टेप लावा, आत रंग जाता कामा नये.

रंगाआधी बॉडीवर पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर कारखान्यातून सीलरचा हात मारलेला आहे आणि स्टेन त्यात शिरणार नाही, डागडाग दिसेल. पारदर्शक रंग हवा असेल तर तो सीलर १२० नंबरने पूर्ण घासून काढावा लागतो आणि कडांना तर जास्तच. अपारदर्शक रंग करणार असाल तर काढू नका, तो तुमचा पहिला थरच समजा. पाणी शिरलं तरी एकदा स्पिरिटचं फडकं फिरवा, जिथे फिकट चट्टे दिसतील तिथे गोंद सांडलेला आहे.

घासणं १२०, १८०, २२० या क्रमाने, रेषेच्या दिशेने, नंबर न गाळता. बोटाने नाही, लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, नाहीतर सपाट भागात बोटांच्या खळग्या पडतात आणि त्या चकाकी आल्यावरच दिसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी माझं ऐका, फडक्याने लावायचं पातळ पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेल घ्या. चार-सहा पातळ हात, मधे ३२० नंबरचा हलका हात. स्प्रेला जागा, मास्क, मोकळी हवा सगळं लागतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फर्निचरवाल्यांकडे सहज मिळतं आणि दिसतंही सुरेख, पण पावसाळ्यात मारू नका, हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पृष्ठभाग दुधासारखा पांढुरका होतो.

सावध: थिनरची वाफ चालू असताना घरात समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. आणि अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आतून तापून आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

नेकच्या मेपलला मागून आणि हेडस्टॉकला (खुंट्यांच्या टोकाला) सीलबंद करणं आपल्याकडे गरजेचं आहे, कोरी ठेवलेली नेक पावसात ओलावा पिऊन हलते. गडद लाकडाच्या फ्रेटबोर्डला टेप लावा, त्याला लॅकर नको.

ताळा: लॅकर वाळलं की नाही ते बोटाने नाही, नाकाने बघा. बॉडीला नाक लावून थिनरचा वास आला तर अजून कच्चं आहे. एनसीला तीन-चार आठवडे धरून चाला.

६. वायरिंग

जोडण्याआधी खड्ड्यांना तांब्याची टेप लावा, तुकडे एकमेकांवर चढवून, आणि सगळे तुकडे एकमेकांशी जोडलेले आहेत का ते मीटरच्या बीपने बघा, टेपचा गोंद प्रत्येक वेळी वीज सोडतोच असं नाही. एक टोक ग्राउंडला जोडा. स्विचचं किंवा जॅकचं टोक टेपला टेकत नाही ना तेवढं पहा.

सिंगल कॉइलला २५०के चे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर), टोनला ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकणार असाल तर ५००के. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही ही कायमची तक्रार, आणि कारण दोनच: २५ वॅटचा आयर्न आणि न खरवडलेली पाठ. पाठ पॉलिश पेपरने खरवडा, आयर्न धातूवर टेकवून धातू तापवा, सोल्डर धातूला लावा, आयर्नला नाही. चांगला जोड चकचकीत आणि कडेला पसरलेला असतो, गोळीसारखा फुगलेला दिसला तर कच्चा.

ब्रिजची ग्राउंड विसरली जाते. जुन्या पद्धतीच्या टेली पिकअपला तळाशी धातूची पट्टी असते आणि स्क्रूंवाटे ब्रिज आपोआप ग्राउंड होतो. किटच्या पिकअपला ती पट्टी नसेल तर ब्रिजखालून वेगळी उघडी वायर काढून प्लेटखाली दाबावी लागते, आणि तिथला रंग खरवडावा लागतो.

ताळा, झाकण लावण्याआधी: ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांत बीप आला पाहिजे. जॅकवर व्हॉल्यूम पूर्ण ठेवून मोजलं तर एकेक पिकअप साधारण ६ ते ८ किलोओहम, आणि स्विच मधे ठेवल्यावर अंदाजे निम्मं. अँपला लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलका टेकवा, टक आवाज आला पाहिजे. मधल्या जागी आवाज एकदम पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत. एकाच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, पण त्याचं धातूचं कव्हर किंवा पट्टी वायरीला जोडलेली असेल तर आधी तो जोड तोडून वेगळी ग्राउंड वायर द्यायची.

हात तारांना लावला की घरघर कमी होते, ते ठीक आहे. तारांना हात लावून काहीच फरक नाही पण जॅकला लावल्यावर कमी होते, मग ब्रिजची ग्राउंड सुटलीय. तारांना हात लावल्यावर वाढते, तर जॅकवर दोन वायरी उलट आहेत.

७. शेवटची जोडणी

पॉलिशवर स्क्रू घालताना भोकाच्या तोंडाचं लॅकर आधी हाताने मोठा बिट फिरवून किंचित खरवडून घ्या, नाहीतर स्क्रूचा आटा लॅकर उचलतो आणि चीर जाते. नेक घट्ट करण्याची पद्धत: स्क्रू थोडे सैल, दोन्ही ई तारा हलक्या ताणावर, नेक हाताने जागेवर ढकला, आणि आता तिरक्या जोडीने आवळा, एक इथला, एक समोरच्या कोपऱ्यातला.

८. सेटअप, याच क्रमाने

नव्या तारा, ज्या मापाच्या वाजवणार त्याच. सुरात आणा, ओढून ताणा, पुन्हा सुरात.

आधी रिलीफ, म्हणजे नेकचा हलकासा बाक. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चाप), जाड ई शेवटच्या फ्रेटला दाबा, सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमधे ०.२५ मिमीचं पान जेमतेम जायला हवं. फट जास्त तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी तर उलट. एका वेळी पाव आटा, मग पुन्हा सुरात आणून पहा. जोर लावावा लागत असेल तर थांबा.

मग नट. तिसऱ्या फ्रेटला तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाइतकी फट दिसली पाहिजे, तार टिचकीने टक करून टेकली पाहिजे. किटचे नट जवळजवळ सगळे उंच असतात, म्हणून पहिल्या फ्रेटवरचा एफ सूर चढा लागतो आणि लोक बिचारे इंटोनेशन (सॅडल सरकवून वरच्या फ्रेटचा सूर जुळवणं) फिरवत बसतात. खाच हेडस्टॉककडे उतरती घासा, चार ओढी, मग तपासा. एकदा खोल गेली की नवा नट.

मग तारांची उंची. सतराव्या फ्रेटला १.६ मिमी, म्हणजे अर्धा सूत. एखादाच सूर झणझणत असेल तर तो फ्रेट उचललेला आहे, छोटी सरळ पट्टी तीन फ्रेटवर आडवी टेकवून डुलते का बघा, आणि रबरी हातोडीने हलकं ठोका. सगळे फ्रेट पाणसळीत आणणं हे वेगळं काम आहे, पहिल्याच गिटारला कानस लावू नका.

मग पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटला तारा दाबून जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी. हे इंटोनेशनच्या आधी, कारण सिंगल कॉइलचं चुंबक तारेला फार जवळ असेल तर तार ओढली जाते आणि सूर मोजायचं ट्यूनर यंत्र खोटं दाखवतं.

सगळ्यात शेवटी इंटोनेशन. बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बाराव्यावर दाबलेला सूर. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात.

बेस बांधणार असाल तर

क्रम तोच, माप वेगळं. लांब स्केलच्या बेसचा स्केल ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी, बाराव्या फ्रेटपर्यंत ४३२. जाड ई चं सॅडल अजून मागे जातं, ५-६ मिमी जागा धरून ब्रिज ठेवा. सतराव्या फ्रेटवर जाड बाजूला २.४ मिमी म्हणजे पाऊण सूत, रिलीफ ०.३. ताण जास्त असतो म्हणून नेकच्या भोकांना आणि स्क्रूला दुप्पट काळजी. जॅझ बेसच्या वायरिंगला तीन २५०के पॉट. हलक्या बॉडीवर जड ट्यूनर आले की नेक खाली झुकते, म्हणून पट्टा लावून कच्च्या जोडणीतच उभं राहून बघा, रंगानंतर पट्ट्याच्या बटणाची जागा बदलायला जीव होत नाही.

आणि पहिलं वर्ष तरी रिलीफ दोनदा मोजा, एकदा जूनच्या अखेरीस पाऊस नीट लागल्यावर, एकदा मार्चमध्ये. पुणे, नगर, नागपूरकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं काठाला बोटांना टोचायला लागतात. तेव्हा फ्रेटबोर्डला दोन्हीकडून टेप लावून बारीक कानशीने टोकं तेवढी मारा, फ्रेटच्या माथ्याला हात लावू नका.